खरा रुंबा कोणता?

प्रश्न असा आहे: "सहा महिन्यांपासून पुण्यात साल्साच्या क्लासला जातोय. आमचे सर 'रुंबा' म्हणून एक संथ, प्रेमगीतासारखं गाणं लावतात. घरी येऊन क्यूबाचा रुंबा शोधला, तर तीन ढोल, दोन काठ्या आणि कोंडाळं करून मोठ्यानं गाणारी माणसं! शिवाय सोन, मांबो, चाचाचा, दान्सोन, तिंबा ही नावं आहेतच. लहानपणी पाच वर्षं तबला शिकलोय. यातलं काय कसं ओळखायचं आणि ऐकायला सुरुवात कुठून करायची?"

तुम्हाला घरी सापडला तो खरा रुंबा. सरांचं गाणंही क्यूबाच्याच वळणाचं असणार, फक्त त्याला नाव भलतंच चिकटलंय, आणि त्यात सरांचा दोष नाही. ही गडबड १९३० सालची आहे. हवानाचे बँडवाले डॉन आस्पियासू त्या वर्षी आपला ताफा घेऊन न्यूयॉर्कला गेले. मोइसेस सिमोन्स यांचं 'एल मानिसेरो', म्हणजे 'शेंगदाणेवाला', हे गाणं आंतोनियो माचीन यांच्या आवाजात त्यांनी तिथं रेकॉर्ड केलं आणि ते अमेरिकाभर गाजलं. गाणं होतं सोन या प्रकारातलं, फेरीवाल्याच्या आरोळीवर बांधलेलं. पण खपलं ते 'रुंबा' या नावानं. तेव्हापासून क्यूबाहून आलेली कुठलीही चाल नाचाच्या हॉलमध्ये रुंबा होऊन बसली. आज नृत्यस्पर्धांत जो रुंबा करतात त्याचं संगीत बोलेरो आणि सोन यांच्या मधलं कुठलंतरी असतं. आफ्रिकेतही हेच झालं. काँगोच्या ज्या रुंब्याला २०२१ साली युनेस्कोनं वारसा म्हणून मान्यता दिली, त्याचं बी तिथं बोटींनी पोचलेल्या क्यूबाच्या तबकड्यांत होतं, आणि त्या तबकड्यांवर बहुतकरून सोनच होता.

सांगायचा मुद्दा हा की या संगीतात नावावर विसंबलात तर फसाल. मी नाव शेवटी विचारतो. आधी तीन गोष्टी ऐकतो: काठी कुठे पडतेय, पंगतीला वाद्यं कोणकोणती बसलीत, आणि गाणं मध्येच कुठे 'उलटतं'. तुम्ही तबला शिकलायत, त्यामुळे पहिली गोष्ट तुम्हाला दहा मिनिटांत कळेल आणि वर्षभर छळेल.

मीही मुळात तबल्याचाच. मुंबईत ऑर्केस्ट्रात शिरलो ते साइड ऱ्हिदम वाजवायला, आणि तिथून तुंब्यावर गेलो. आपल्याकडचे वादक ज्याला 'तुंबा' म्हणतात तो उभा ढोल म्हणजे क्यूबाचा 'तुम्बादोरा'. बाकीचं जग त्याला काँगा म्हणतं. आपण रोज उच्चारतो तो शब्द एवढ्या लांबून आलाय, हे मला पंधरा वर्षं वाजवल्यावर कळलं. पुढे प्रवासी जहाजांवरच्या बँडमध्ये काही हंगाम काढले. तिथं मातान्सास शहरातला एक तुंबावादक भेटला. त्याचं इंग्रजी माझ्याइतकंच, त्यामुळे शिकवणी बहुतेक मेसमध्ये, चमचा आणि ताटलीवर झाली.

पहिल्या तालमीत मी लय अचूक धरली होती, हात स्वच्छ होता, बोल बरोबर होते. तरी चार आवर्तनांत त्यानं हात वर करून सगळ्यांना थांबवलं आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "क्रुसादो." म्हणजे आडवा. मला वाटलं लय पळाली. लय पळाली नव्हती. मी क्लावेच्या चुकीच्या बाजूनं शिरलो होतो.

क्लावे म्हणजे आधी एक वाद्य: कठीण लाकडाच्या दोन आखूड, गोल काठ्या. एक डाव्या हाताच्या पोकळ मुठीवर आडवी ठेवायची आणि दुसरीनं तिच्यावर मारायचं. तळहाताची पोकळी आवाज मोठा करते. मूठ आवळली की तोच आवाज मेलेला निघतो. आणि याच काठ्यांवर वाजणाऱ्या पाच ठोक्यांच्या नक्षीलाही क्लावेच म्हणतात. ती अशी करून बघा. तीनतालाच्या सोळा मात्रा जरा जलद मोजा आणि १, ४, ७, ११, १३ या मात्रांवर टाळी द्या. झाला सोनचा क्लावे. पहिल्या आठ मात्रांत तीन टाळ्या, पुढच्या आठांत दोन. आता सातव्या मात्रेवरची टाळी एक घर पुढे ढकला, आठवर. बाकीच्या चार जिथल्या तिथे. झाला रुंब्याचा क्लावे. एका मात्रेचा फरक, पण रस्त्यावरून जाताना लांबून कानावर पडला तरी क्यूबाचा माणूस सांगेल की आत काय चाललंय.

तबलजीचा गोंधळ इथं सुरू होतो. आपण याला ठेका समजतो. हा ठेका नाही. तबल्याच्या सोलोला मागे जो लेहरा वाजतो तो आठवा: तो बिचारा फिरत राहतो आणि त्याच्या भरवशावर बाकीचे खेळतात. क्लावे म्हणजे स्वर काढून टाकलेला लेहरा. गाण्याची चाल, पियानोची गुंफण, ट्रम्पेटचे तुकडे, ढोलाचा प्रत्येक उठाव तीन ठोक्यांच्या बाजूला एक स्वभाव दाखवतो आणि दोन ठोक्यांच्या बाजूला दुसरा. गाणं कुठल्याही बाजूनं सुरू होऊ शकतं, पण एकदा क्लावे फिरू लागला की तो फिरायचा थांबत नाही, कुणासाठी उलटत नाही. कित्येक गाण्यांत काठ्या वाजतही नाहीत. सगळ्यांच्या डोक्यात चालू असतात. माझ्या तेव्हाच्या डोक्यात त्या नव्हत्या, म्हणून मी आडवा.

दुसरा धक्का समेचा. आपला कान समेची वाट बघतो, तिहाई धा वर पडली की मान हलते. क्यूबाच्या नाचाच्या संगीतात बेस समेवर येतच नाही. त्याच सोळा मात्रांत बेस वाजतो चौथ्या, सातव्या, बाराव्या आणि पंधराव्या मात्रेवर. पंधरावर छेडलेला सूर पहिल्या मात्रेवर लांबत राहतो, म्हणजे सम येते ती आधीच व्यापलेली. तुंब्यावरही तसंच. मूळ चालीत आठ आघात असतात: तळवा, बोटं, चापट, बोटं, तळवा, बोटं, आणि मग दोन मोकळे गुंजणारे ठोके, सातव्या-आठव्यावर. वजन शेवटी आहे. पहिल्या मात्रेवर काय, तर डाव्या तळव्याचा दबका स्पर्श, जवळजवळ ऐकूच न येणारा. समेला कुणी घरी नसतं, म्हणून नाचणाऱ्याचे पाय तिथं जातात. तुमच्या क्लासमध्ये 'एक' मोजायला अडचण येत असेल तर ती याचमुळे.

आता खऱ्या रुंब्याकडे. जन्म मातान्सास आणि हवाना या बंदरांच्या आसपास, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. क्यूबातली गुलामगिरी कायद्यानं संपली ती १८८६ साली. गोदीवर आणि साखर कारखान्यांत राबणारे काळे मजूर 'सोलार'मध्ये राहत. सोलार म्हणजे मधला चौक आणि भोवती खोल्या, आपली चाळच. त्या चौकात रुंबा व्हायचा. ढोल नसत तेव्हा सुक्या बांगड्यासारखे मासे, म्हणजे कॉड, ज्यातून बंदरात येत ती खोकी वाजवत, आणि मेणबत्त्यांच्या पेट्या वाजवत. मोठ्या खोक्यातून खर्ज, छोट्या पेटीतून टीप. आज दुकानात विकत मिळणारा 'काहोन' याच घराण्यातला असावा असं वाटतं खरं, पण बसून दोन पायांत वाजवायची ती पेटी मूळची पेरूची. रुंब्याची खोकी वेगळी.

तीन ढोल असतात. खालचा आणि मधला मिळून एक ठराविक संवाद चालवतात. सगळ्यात उंच सुराचा 'किंतो' मनाला येईल ते बोलतो. पुण्याचे आहात, ढोलताशा ऐकलाच असेल: ढोल ठेका धरतात आणि ताशा बोलतो. किंतो हा इथला ताशा. त्याची नजर नाचणाऱ्याच्या खांद्यावर आणि पायावर असते. शिवाय बांबूच्या तुकड्यावर किंवा ढोलाच्या अंगावर दोन काठ्यांनी एक जण सतत कडकडाट चालवतो. गाणं सुरू होताना गायक निरर्थक अक्षरं घेत आवाज लावतो. ध्रुपदातली नोमतोम ऐकलेल्याला ते परकं वाटू नये. मग कथा येते, आणि मग कोरस सुरू झाला की नाच.

रुंब्याच्या तीन जाती. याम्बू संथ, म्हाताऱ्या माणसांच्या डौलाचा. ग्वाग्वांको जलद, त्यात बाईभोवती घिरट्या घालणारा पुरुष अचानक कमरेनं, हातानं किंवा रुमालानं एक झटका देतो आणि बाई हातानं किंवा घागऱ्यानं तो अडवते. त्या झटक्याला 'वाकुनाओ' म्हणतात, शब्दशः लस टोचणं! याम्बूत तो निषिद्ध. तिसरा कोलुंबिया, मातान्सासच्या ग्रामीण भागातला, सहाच्या चालीचा, मूळचा एकट्या पुरुषाचा नाच, त्यात सुरे घेऊनही कसरती करतात. 'लोस मुन्येकितोस दे मातान्सास' हा संच १९५२ पासून हे वाजवतोय. नावाचा अर्थ 'चित्रकथेतली पात्रं', कारण त्यांचं गाजलेलं गाणं त्या पात्रांवर होतं. २०१६ साली युनेस्कोनं रुंब्याला वारशाच्या यादीत घेतलं. तुम्ही घरी ज्याला 'मोठ्यानं गाणं' म्हणालात ते मला विचाराल तर क्यूबातलं सगळ्यात सुसंस्कृत संगीत आहे, पण सुरुवातीला ते ऐकू नका. तोंडाला फेस येतो.

सुरुवात सोनपासून करा. साल्सा ज्या झाडाची फांदी आहे ते हे झाड.

सोन आला बेटाच्या पूर्वेकडून, सांतियागो आणि ग्वांतानामोच्या डोंगरातून. स्पेनहून आलेली तारवाद्यं आणि कवितेची रचना, आफ्रिकेहून आलेली लय आणि प्रश्नोत्तराचं गाणं. ग्वांतानामोकडे त्याचा एक रांगडा भाऊ अजून जिवंत आहे, 'चांगुई': त्यात क्लावेच्या काठ्याच नाहीत, आणि बेसच्या जागी 'मारिंबुला' असते. मारिंबुला म्हणजे एक मोठी लाकडी पेटी, तिच्या भोकावर लोखंडी पट्ट्या. वादक पेटीवरच बसतो आणि दोन पायांच्या मध्ये हात घालून पट्ट्या छेडतो. सोन विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हवानात पोचला. १९२० साली 'सेक्स्तेतो आबानेरो' हा सहा जणांचा संच उभा राहिला: त्रेस, गिटार, बेस, बोंगो, माराकास, क्लावे. त्रेस म्हणजे तीन जोडतारांची गिटार. ती सुरावटीपेक्षा नक्षी जास्त वाजवते, तीच तीच, किंचित तिरकी, आणि पुढे पियानोनं जे काही केलं ते तिच्याकडून उचललेलं आहे. १९२७ मध्ये इग्नासियो पिन्येइरो यांच्या 'सेप्तेतो नासियोनाल'नं त्यात ट्रम्पेट घातला आणि सोनचा चेहरा आजच्यासारखा झाला. सांतियागोचं 'त्रियो मातामोरोस' मात्र तिघांतच सगळं भागवायचं, आणि ऐकताना काही कमी आहे असं कधी वाटत नाही.

सोनमध्ये मी म्हणतो ते 'उलटणं' सगळ्यात स्वच्छ ऐकू येतं. आधी कडवी, शांतपणे, गोष्ट सांगितल्यासारखी. मग अचानक कोरस एक छोटी ओळ धरतो आणि सोडतच नाही. मुख्य गायक प्रत्येक फेरीत त्या ओळीला नवं उत्तर देतो, जागेवर रचून. शाहीर आणि झीलकरी डोळ्यांसमोर आणा. या दुसऱ्या भागाला 'मोन्तुनो' म्हणतात. आणि तो कधी सुरू झाला हे भाषा न कळताही ओळखता येतं: बोंगोवाला बोंगो मांडीवरून बाजूला ठेवतो आणि हातात धरायची मोठी घंटा उचलतो. 'ठण्-ठक-ठक' सुरू झालं की समजा, गाणं सांगून झालं, आता नाचायचं.

बोंगोबद्दल एक जाता जाता, कारण तुमचे हात तबल्याचे आहेत. उजव्या हाताच्या वादकाचा बोंगोचा छोटा, टिपेचा ढोल डावीकडे असतो आणि मोठा उजवीकडे. डग्गा-तबल्याच्या बरोबर उलट! छोट्याला 'माचो' म्हणजे नर, मोठ्याला 'एम्ब्रा' म्हणजे मादी. आपल्यातले बरेच जण सवयीनं उलटे मांडून वाजवतात. मीही कित्येक वर्षं तसंच वाजवलं. चालतं, पण मूळ 'मार्तियो', म्हणजे हातोडी, ही सततची चाल त्यात बसत नाही, कारण तिचं सगळं काम डावा अंगठा आणि उजवी तर्जनी यांच्या वाटणीवर आहे. आपल्या लोकांनी बोंगो ऐकला तो बहुतेक हिंदी सिनेमातून; आपले सी. रामचंद्र यांनी १९५१च्या 'अलबेला'तल्या 'शोला जो भडके'ला तो ठळक वापरला आहे. तिथं मात्र तो मसाला आहे, जेवण नाही.

सोन जाड झाला तो आर्सेनियो रोद्रिगेस या माणसामुळे. १९११चा जन्म, मातान्सास प्रांत, लहानपणी जनावराची लाथ बसून दृष्टी गेलेली, आणि त्रेस वाजवण्यात त्याला तोड नव्हती. लोक त्याला 'अद्भुत आंधळा' म्हणत. १९४०च्या सुमारास त्यानं सोनच्या संचात पियानो, एकाहून जास्त ट्रम्पेट आणि तुंबा घातला. आज हे फार साधं वाटतं. पण तुंबा तोवर रस्त्यावरचा, काळ्या वस्तीचा, 'असभ्य' ढोल होता. नाचाच्या बँडमध्ये त्याला जागा नव्हती. तेव्हाच्या तुंब्याला खिळे ठोकून कातडं बसवलेलं असे, सूर चढवायचा तर दिव्याच्या किंवा जाळाच्या धगीवर धरायचा, आपले हलगीवाले धरतात तसा. आर्सेनियोची लय संथ आणि जड असते, आणि प्रत्येक वाद्य दुसऱ्यानं सोडलेल्या फटीत बोट घालतं. मला एकच संच निर्जन बेटावर न्यायचा असता तर त्याचा नेला असता.

दुसरं घराणं पूर्ण वेगळं आहे, आणि तिथं पोचायला आधी फ्रेंच दिवाणखान्यात जावं लागतं. तेव्हा फ्रेंचांच्या ताब्यात असलेल्या हैतीत १७९१ साली गुलामांचा उठाव झाला, तिथले मळेवाले आणि त्यांच्याबरोबर कित्येक काळी माणसं पूर्व क्यूबात आली. त्यांच्याबरोबर आला 'कॉन्त्रदान्स' हा समूहनाच. क्यूबाच्या हवेत त्याची लय मुरली; त्यातूनच हबानेरा निघाली, जी युरोपात इतकी आवडली की बिझेनं ती १८७५च्या 'कारमेन' या ऑपेरात घेतली. आणि १ जानेवारी १८७९ रोजी मातान्सासच्या एका क्लबात मिगेल फाइल्दे यांनी आपला दान्सोन वाजवला. दान्सोन हा जोडप्यांचा नाच, दबक्या पावलांचा. ठराविक भाग आला की जोडपी चक्क थांबतात, पंखा हलवतात, गप्पा मारतात, आणि मग पुन्हा नाचतात. उकाड्यात सुचलेली उत्तम सोय.

दान्सोन वाजवणाऱ्या संचाला 'चारंगा' म्हणतात: लाकडी बासरी, व्हायोलिनं, पियानो, बेस, गुइरो आणि पितळी अंगाच्या दोन छोट्या नगाऱ्यांसारखे 'तिंबाल'. गुइरो म्हणजे खाचा पाडलेला दुध्या, काठीनं खरवडून वाजवायचा. बासरी उंच, पाखरासारखी, व्हायोलिनच्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या तुकड्यांवर तरंगणारी. ट्रम्पेट नाही आणि बासरी-व्हायोलिन आहे, एवढं ऐकलंत की नाव न वाचता 'चारंगा' म्हणा. दहातल्या नऊ वेळा बरोबर याल.

१९३०च्या दशकाच्या शेवटी आंतोनियो आर्कान्यो यांच्या चारंगात ओरेस्तेस आणि काचाओ हे लोपेस बंधू होते. त्यांनी दान्सोनच्या शेवटच्या भागाला सोनचा मोन्तुनो जोडला, म्हणजे दिवाणखान्याच्या मागच्या दारातून चाळ आत घेतली. १९३८च्या अशा एका दान्सोनला ओरेस्तेसनं नाव दिलं 'मांबो'. त्या बीजातून दोन वेगळी रोपं आली. एक पेरेस प्रादो यांचा मांबो. ते मातान्सासचे, पण डंका वाजला मेक्सिकोत, १९४९च्या आसपास. त्यांच्याकडे व्हायोलिन नाही. ट्रम्पेट आणि सॅक्सोफोनच्या फौजा समोरासमोर उभ्या, आणि मध्येच त्यांचा तो हुंकार. १९५५ मध्ये त्यांची एक तबकडी अमेरिकेत दहा आठवडे पहिल्या क्रमांकावर होती. त्याच काळात न्यूयॉर्कमध्ये माचितो, तितो पुएन्ते, तितो रोद्रिगेस यांचे बँड मांबोला जॅझची धार लावत होते.

दुसरं रोप चाचाचा. एन्रिके होर्रीन हे 'ओर्केस्ता आमेरिका' या चारंगातले व्हायोलिनवादक. तिरक्या लयीत नाचणाऱ्यांचे पाय अडखळतात हे त्यांनी बघितलं आणि चाली मुद्दाम सरळ बांधल्या, वजन ठोक्यावर ठेवलं, वादकांनाच एका सुरात गायला लावलं. १९५३ साली रेकॉर्ड झालेल्या 'ला एन्गान्यादोरा'पासून ते वेड पसरलं. होर्रीन म्हणत, नाव पायांनी दिलं: फरशीवर घासत पडणाऱ्या तीन पावलांचा तो आवाज. तुमच्यासारख्या नवशिक्याला ठोका सापडत नसेल तर महिनाभर चाचाचा ऐका. तो त्यासाठीच बनलाय.

बोलेरोचं थोडक्यात सांगतो, कारण तो तुम्हाला आपोआप कळेल. सांतियागोमध्ये १८८०च्या दशकात गिटार घेऊन फिरणाऱ्या गायकांनी तो घडवला. त्यांतला पेपे सांचेस पेशानं शिंपी होता. प्रेम, विरह, दोन गिटारी. स्पेनमधल्या तिनाच्या चालीच्या बोलेरोशी याचा नावापुरता संबंध. खेड्यातल्या शेतकऱ्यांचा 'पुंतो' तितकाच वेगळा: गिटारच्या साथीवर दहा ओळींची 'देसिमा' जागच्या जागी रचायची. दोन कवी समोरासमोर बसून एकमेकांना अडचणीत पकडतात तेव्हा कलगी-तुऱ्याचा फड आठवल्याशिवाय राहत नाही.

सांतियागोच्या कार्निव्हलची 'काँगा' मात्र सोडू नका. इथं ते ढोलाचं नाव नाही, मिरवणुकीचं आहे. गल्लीभर ढोल, मोटारीच्या जुन्या ब्रेक-ड्रमवर लोखंडी ठणठणाट, आणि वर एकच सुषिर वाद्य, कर्कश, नाकातलं: 'कोर्नेता चिना'. हे चिनी मजुरांबरोबर क्यूबात आलेलं 'सुओना', म्हणजे आपल्या सनईचं चुलत भावंड. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं कुणीतरी संबळ-सनईची रेकॉर्ड भलत्याच वेगानं लावलीय.

या सगळ्याच्या तळाशी देवाधर्माचं संगीत आहे, ते घाईत ऐकण्याचं नाही. पश्चिम आफ्रिकेतल्या योरुबा लोकांचे 'बाता' ढोल तीन, प्रत्येक दोन तोंडांचा, मांडीवर आडवा, पखवाजासारखा दोन्ही हातांनी वाजवायचा. इथं पुढारीपण सगळ्यात मोठ्या ढोलाकडे, त्याचं नाव 'इया', म्हणजे आई. प्रत्येक देवतेचे तोडे वेगळे आणि ठरलेले. माझा मातान्सासचा दोस्त मला तुंब्याचं सगळं शिकवायचा, पण बाताचा विषय काढला की जेवायला लागायचा.

१९५९च्या क्रांतीनंतर अमेरिकेशी दार बंद झालं आणि गोष्ट दोन ठिकाणी चालू राहिली. न्यूयॉर्कमध्ये पोर्तो रिको, क्यूबा, डॉमिनिकन रिपब्लिक इथल्या वादकांनी सोन आणि मांबोला शहरी, ट्रोम्बोनचा खरखरीत आवाज दिला; १९६४ साली निघालेल्या फानिया कंपनीनं तो जगभर 'साल्सा' म्हणून विकला. क्यूबातले जुने वादक यावर बराच काळ नाराज होते, आमचाच सोन आम्हालाच विकताय म्हणून. मला दोन्ही बाजू थोड्या थोड्या पटतात. पाया सोनचा हे नाकारता येत नाही, पण विली कोलोनचा ट्रोम्बोन हवानात जन्मला नसता.

तिकडे हवानात १९६९ साली हुआन फोर्मेल यांनी 'लोस वान वान' काढला: चारंगाची बासरी-व्हायोलिनं, त्यात इलेक्ट्रिक बेस आणि ड्रमसेट. चांगीतो या वादकानं तिथं जी चाल घडवली ती 'सोंगो'. १९८८ मध्ये होसे लुईस कोर्तेस यांचा 'एनजी ला बांदा' आला आणि त्यातून तिंबा. सोव्हिएत रशिया कोसळल्यावर क्यूबात वीज नाही, पेट्रोल नाही, जेवणाचे वांधे, आणि त्याच वर्षांत हे सगळ्यात उसळतं संगीत! तिंबात गाणं एकदाच उलटत नाही, पाच-सहा वेळा उलटतं: मध्येच बेस गायब होतो, तुंबा थांबतो, नुसता पियानो आणि घंटा उरते, आणि मग सगळे एकदम कोसळतात. क्लावे बहुतेक रुंब्याचा असतो. 'ब्वेना विस्ता सोशल क्लब' या तबकडीमुळे जगाला वाटलं क्यूबा म्हणजे टोपी घातलेले गोड आजोबा. त्या तबकडीवर माझा जीव आहे, रुबेन गोन्सालेसचा पियानो तर रोज ऐकावा. पण १९९६ साली हवानात ती रेकॉर्ड होत होती तेव्हा बाहेर पोरं तिंबावर नाचत होती, हेही लक्षात असू द्या.

तेव्हा क्रम असा ठेवा. पंधरा दिवस सेप्तेतो नासियोनाल आणि त्रियो मातामोरोस, हातात दोन चमचे घेऊन. मग आर्सेनियो, आणि तो ऐकताना फक्त बेस. मग चाचाचा आणि दान्सोन, बासरीसाठी. मग बेनी मोरे. तो सोन, मांबो, बोलेरो सगळंच गातो, त्यामुळे त्याच्याकडे तुमची परीक्षा होईल. रुंबा आणि तिंबा सगळ्यात शेवटी.

आणि सरांच्या गाण्याचं. पुढच्या वेळी ते 'रुंबा' लावतील तेव्हा बोंगोवर कान ठेवा. शेवटपर्यंत बोंगोच मऊ वाजत राहिला आणि कडवी कडव्यांसारखीच संपली, तर तो निव्वळ बोलेरो. मध्येच कोरसनं एक ओळ धरली आणि बोंगो जाऊन घंटा आली, तर बोलेरो-सोन. सरांना सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा; फी पूर्ण भरली असेल तर सांगा.